मला विचारणे

दिनू, तुझी तेरवी होऊन चार दिवस झाले अन् आज सकाळी आपण मिल सुरू केली. “आपण” म्हणते मी अजून. तोंडात तेच येते, काय करू. नारळ फोडला, सुकरामनं मोटर चालू केली, अन् अर्ध्या तासात चिन्नोर तांदूळ तुटाले लागला. अख्खा दाणा कमी अन् कनकी जास्त. वास तर असा सुटला होता का रस्त्यावरचा माणूस थांबावा, पण पसाभर तांदूळ घेतला तर अर्धा चुरा.

धान सोलणाऱ्या शेलरच्या दोन रबरी रुळांमधली फट आजवर तूच लावत आला. जरा जास्त आवळली का दाणा मोडला, ढिली राह्यली का तूस तसंच अंगावर. सुकराम बाकी सगळं करते, पण चिन्नोरचं धान लागलं का “भाऊ, या” अशी हाक मारते. आज त्यानं तोंड उघडलं अन् तसंच मिटलं. मले दिसलं.

माझी सून प्रतिभा तुझ्या टेबलावरूनच ओरडली, “आई, टेन्शन नका घेऊ. काकाजींनी सब कुछ सिस्टम में डाला है.”

तुझी ती ईआरपी, कॉम्प्युटरातली हिशेबाची मशीन. मी म्हटलं, चला, आज पाहूच तिची करामत. तिघंही पडद्यापुढं उभे राह्यलो. प्रतिभानं शेलरचं पान उघडलं. रबर कधी बदलला, कोणाकडून आणला, किती तास चालला, पट्टा कोणत्या मापाचा, जाड्या धानाले फट किती, बारीक धानाले किती, सगळं तू एका बोटानं टाइप करून ठेवलं होतं. अन् चिन्नोरपुढं काय लिहिलं होतं? “मला विचारणे.”

सुकराम आधी हसला. “भाऊ बी ना! गेले अन् चाबी आपल्याच खिशात घेऊन गेले.” मंग गमछा तोंडाले लावून बाहेर निघून गेला.

मी नाही रडली. मले राग आला. अन् रागासोबत जुनाच संशय आला. ज्यानं हे असं मधातच सोडलं, त्यानं या डब्यात अजून काय काय दडवलं असन?

हे मी गोदामाच्या जुन्या रजिस्टरात लिहून राह्यली आहे. तुझी मशीन आली तेव्हापासून मागची पानं कोरीच पडली होती. अक्षर मोठं मोठं येते आता, एका ओळीत चार शब्द बसतात. तू असता तर म्हणाला असता, वहिनी, पान संपलं अन् वाक्य राह्यलंच. तुले हसाचा हक्क आहे, अक्षरं तूच शिकवली. मी या घरी आली तेव्हा तू नऊ वर्षांचा. शाळेतून आला का चुलीपाशी बसून पुस्तक वाचत होता अन् मी भाकर थापता थापता ऐकत होती. पुस्तक हिंदीचं. अक्षरं मी त्यातून उचलली अन् लिहाले लागली मराठी. तू मास्तरासारखी पट्टी घेऊन बसायचा. “वहिनी, क च्या पोटात काहून हवा नाही?” असं विचारायचा तू!

म्हणून तुले घरात तू म्हणत आली, अन् हमालांपुढं भाऊजी, तुम्ही. राग आला का घरातही भाऊजी म्हणत होती. तुझी बायको कुंदा लगेच ओळखायची. “आज काय झालं जी, मोठ्या बाईंनी तुम्हाले भाऊजी म्हटलं?” गेल्या तीन वर्षांत कितीदा म्हटलं, मोजलं नाही. पण बरेच दिवस भाऊजीच होता तू.

तुझे दादा गेल्यावर गोदामाच्या चाब्या तूच माझ्या हातात दिल्या. मले कोणी हिशेब शिकवला नव्हता, म्हणून मी माझी रीत काढली. धान आलं का प्रत्येक ढिगातलं मूठभर चिंधीत बांधाचं, अन् पुरचुंडीले गावाच्या रंगाचा धागा. लामत्याले निळा, हट्ट्याले हिरवा, बिरशाले लाल. लामत्याचं म्हणजे आपलं चिन्नोर, हट्ट्याचं साधं धान. ती पुरचुंडी त्याच ढिगावर बांबूले टांगाची. हमालाले वाचता येत नसन, रंग तर दिसते. त्या पुरचुंड्यांनी कितीक वर्षं मिल चालली. तूच व्यापाऱ्यांले दाखवायचा, “हे आमच्या वहिनीचं ऑफिस.”

अन् मंग तो नागपूरचा ट्रक वापस आला. चिन्नोर म्हणून भरला अन् अर्ध्या बोऱ्यात साधा तांदूळ. व्यापारी फोनवर काय काय बोलला ते तू मले सांगितलं नाही, पण तुझा कान लाल झाला होता. सगळे अंगणात उभे. मी म्हटलं, “माझ्या गोदामातून तर बरोबरच गेलं. धागे पाहून भरलं.” सुकराम म्हणे, मी पुरचुंडी पाहूनच बोऱ्या काढायले सांगितल्या. अन् तू पुढं आला अन् म्हणाला, “चूक माझी. फोनवर मीच चुकीचा ढीग सांगितला.”

दिनू, तेव्हा मले कळलं होतं का तू खोटं बोलून राह्यला. तुले लहानपणापासून ओळखते मी. खोटं बोलताना तू चपलेच्या अंगठ्याकडे पाहते. त्या दिवशीही पाह्यलं.

पण खोटं कशासाठी, हे मले कळलं नाही. अन् जे कळत नाही त्याचं माणूस काहीही करून घेते. मी काय करून घेतलं ते तुले आज सांगते, जिवंतपणी हिंमत झाली नाही. मले वाटलं, मिसळ तूच केली. जाणूनबुजून. चिन्नोरच्या नावावर साधा माल खपवला अन् पकडल्या गेला. तीन वर्षं हे मनात घेऊन मी तुले जेवाले वाढलं. पोळीवर तूप घालताना विचार कराची, हाच का तो?

अन् दोन महिन्यांत तू मशीन आणली. तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

रायपूरचा तो माणूस आठवते? टाय लावून आलता अन् भर उन्हात टिनाखाली बसून घामानं भिजलता. म्हणे, “मैडम, अभी आपका खरीदी अलग, गोदाम अलग, मिल अलग, डिस्पैच अलग. चार लोग, चार बातें. इसमें सब एक जगह दिखेगा.”

मी म्हटलं, “मले आताही सगळं दिसते.”

तेव्हा तू पुन्हा चपलेकडे पाह्यलं. मी म्हटलं मनात, पाहा, चोर.

मंग तो नावं ठेवाचा आठवडा. त्या माणसानं सांगितलं, एका वस्तूचं एकच नाव पाहिजे, नाही तर मशीन त्याले दोन वस्तू समजते. आपल्या ओसरीवर पंचायत बसली. मी म्हणते पोतं, सुकराम म्हणे बोरी, डिस्पॅचवाला म्हणे कट्टा. शेलरच्या रबराले तू रोल म्हणायचा, सुकराम रबर, मी रूळ. तेव्हा उघड झालं का तू गोंदियाहून नवीन रोल मागवत होता अन् माझ्या मागच्या खोलीत तीन रूळ धूळ खात पडले होते. तुले माझी खोली माहीत नाही, मले तुझी खरेदी माहीत नाही, अन् सुकरामले दोन्ही माहीत पण त्याले कोणी विचारलं नाही. तू डोक्याले हात लावला. कुंदा चहा घेऊन आली अन् म्हणे, “सासू-सासऱ्यांनी पोरांची नावं एका दिवसात ठेवली, तुम्ही रबराले आठ दिवस लावले.”

हौ, फायदा झाला. खोटं कशाले बोलू. लामत्याचा ट्रॅक्टर पह्यले फाटकावर दुपारभर उभा राहायचा, कारण कोणत्या गोदामात जागा आहे ते मी जेवून उठेपर्यंत कोणाले माहीत नसायचं. आता वजनकाट्यावरच प्रतिभा सांगते, तीन नंबरात टाका. रबर संपाच्या आधी मशीन सांगते का मागव. नागपूरवाल्यानं फोन केला तर तू खुर्चीवरून न उठता सांगायचा का तुझ्या बोरीतलं धान कोणत्या गावचं, कोणत्या दिवशी आलं, ओल किती होती. तो व्यापारी वापस आपल्याकडेच आला ना. एवढं सगळं मी पाह्यलं. पण मी हेही पाह्यलं का मले कोणी विचारणं कमी झालं. आधी दिवसातून वीसदा “मोठ्या बाई, तो ढीग कुठं?” मंग दहादा. मंग कोणी नाही. अन् तू अन् प्रतिभा पडद्यापुढं डोकं लावून बसायचे, मी आली का पान बदलायचं. हे माझ्या मनाचं नाही, दिनू. खरंच बदलायचं.

म्हणून मी तुझ्या मशीनची परीक्षा घेतली. प्रतिभाले सांगितलं, बिरशाच्या चाळीस बोऱ्या मागच्या गोदामात ठेवल्या. होत्या पुढच्या. तिनं लिहून घेतलं. मशीननं हूं का चूं केलं नाही. दोन दिवसांनी जेवताना मी तुमच्या सगळ्यांपुढं म्हटलं, “भाऊजी, तुमची मशीन खोटं खाते अन् वरून ढेकर देते.”

तुझा घास हातातच राह्यला. “म्हणजे?”

सांगितलं मी, मोठ्या तोऱ्यात.

तू रागावला नाही. म्हणे, “वहिनी, आपण जे सांगू तेच ते सांगन. तू खोटं बोलशीन, हे मी त्यात टाकलंच नव्हतं.” एवढं बोलून उठला, हात धुतले, अन् सुकराम अन् चार हमाल घेऊन त्या चाळीस बोऱ्या पुढून मागं नेल्या. उन्हात. घामाघूम होऊन आला अन् म्हणतो कसा, “घे, आता खरं झालं.”

मी हसली नाही. मले वाटलं, पाहा, किती सहज करते हा माणूस खोट्याचं खरं. आज तेच आठवून मी पदर तोंडात कोंबून बसली आहे.

तर आज सकाळचं सांगते. ते “मला विचारणे” पाह्यल्यावर मी प्रतिभाले म्हटलं, “लामत्याची पानं काढ. तो ट्रक वापस आला त्यानंतरची. एकेक ढीग.”

“क्यूं आई? शेलर का उससे क्या…”

“काढ.”

तिनं काढलं. गावाचं नाव, शेतकऱ्याचं नाव, ओल, गोदाम, थर. अन् खाली शेवटी लिहाचा एक चौकोनी कोठा होता. ती बोट दाबून पान पुढं सरकवाले लागली. तेच, मी आली का करायची तेच.

“थांब. मागं ने. खाली काय आहे?”

“कुछ नहीं, आई. काकाजींचे ऐसेच नोट्स.”

“वाच.”

“रहने दो ना, आई.”

“मले अक्षरं धुरकट दिसतात म्हणून तुले सांगते. वाच म्हणते ना!”

तिचा आवाज एवढासा झाला. हिंदी शाळेतली पोर, मराठी अडखळत वाचते. एकेक शब्द वेगळा पडला. “धागा… हिरवा आहे. निळा… समजावा. वहिनीला टोकू नये. मला विचारणे.”

पुढचं पान. तेच. त्याच्या पुढचं. तेच. तीन वर्षांच्या लामत्याच्या ढिगावर ढीग, अन् प्रत्येकाखाली तू तेच एका बोटानं लिहून ठेवलं. काही ठिकाणी नुसतं “निळा”, म्हणजे त्या दिवशी माझा हात बरोबर पडला असन.

मी विचारलं, “अन् तो नागपूरचा ट्रक?”

प्रतिभा म्हणे, “काकाजींनी त्या दिवशी गोदामात जाऊन देखा था, आई. लामता और हट्टा, दोनों ढेर पे नीला धागा था. सुकराम ने दोन्ही लामता समझे. आधी बोरी इधर से, आधी उधर से. काकाजी बोले, कोणाले सांगाचं नाही. आईच्या हातून चाबी सुटली का आई बसून जाईन.”

म्हणजे सुकरामले माहीत. कुंदाले माहीत. काट्यावरच्या माणसालेही माहीतच असन. अन् मी तीन वर्षं बाजारातल्या धागेवाल्याशी भांडत राह्यली का “तू आजकाल रंगात भेसळ करते, तुझा निळा निळा नाही.” तो बिचारा म्हणायचा, “अम्मा, वही कंपनी का है.” मी त्याच्यावरही संशय घेतला. एक सोडून सगळ्यांवर घेतला.

दोन रिळं घेऊन मी फाटकापाशी उन्हात गेली. सुकराम तिथंच बसला होता. एक पुढं केलं. मले ते हिरवं वाटत होतं.

“हा कोणता रे?”

त्यानं माझ्या तोंडाकडे पाह्यलं. खोटं बोलू का खरं, असं त्याच्या डोळ्यात आलं. “तुमाले कोणता वाटते, मोठ्या बाई?”

“मी तुले विचारलं.”

“निळा हाये.”

“अन् भाऊनं तुले काय सांगून ठेवलं होतं?”

“का मोठ्या बाई जो म्हणन तोच.”

बसली मी तिथंच, बाजेवर.

दिनू, मले आता कोणाचा राग येऊन राह्यला तेच उमगत नाही. तू माझी चूक आपल्या अंगावर घेतली, अन् मी तुले चोर समजली. हे मी कोणाजवळ ठेवू? तू असता तर तुले भाऊजी म्हटलं असतं, चार दिवस बोलली नसती, अन् पाचव्या दिवशी तुले आवडते ती वांग्याची भाजी केली असती. तेवढ्यात मिटलं असतं. आता कुठं मिटवू?

अन् दुसरंही सांगते, मनात ठेवत नाही. माझा संशय निखालस खोटाही नव्हता. तुम्ही लपवतच होते. पान बदलतच होते. मले वाटत होतं का ही मशीन माझ्या पाठीमागं काही करून राह्यली, तर करतच होती. मिलमधली प्रत्येक वस्तू एका जागी खरी खरी लिहाची, म्हणून तू ती आणली, अन् त्यातच माझ्याबद्दलचं खरं तू असं लिहिलं का फक्त मलेच दिसू नये. नागपूरवाल्याले दाण्याचं गाव सांगत होता, अन् मले माझ्याच डोळ्याचं नाही? हे तू माझ्यासाठी केलं का मिलसाठी? माझा मान राह्यला अन् मालही बरोबर गेला, दोन्ही साधलं तू. धंदेवाला होता ना. मले वाटते तुलेही त्यात फरक करता आला नसता.

दुपारी सुकराम शेलरपाशी गेला. मीही गेली. तू कसा करायचा ते मी रोज चहा देताना पाह्यलं होतं, पण पाह्यलं आहे हे मलेच माहीत नव्हतं. तू आधी मोटरचा आवाज ऐकायचा, डोकं डावीकडे कलवून. मंग खालून मूठ भरायचा, तळहातावर पसरायचा अन् तुसासकट राह्यलेले दाणे बोटानं बाजूले काढायचा. थोडे राह्यले पाहिजेत, म्हणायचा, एकही नाही राह्यला म्हणजे फट आवळली. मी सुकरामले तेच सांगितलं. “राहू दे थोडे. घाई नको.” त्यानं फट ढिली केली, पुन्हा जराशी आवळली. मी डोळ्यानं नाही, दातानं पाह्यलं. दाणा घेत गेली अन् चावत गेली. चौथ्या वेळेस अख्खे दाणे पडाले लागले, लांब, पातळ, चिन्नोरसारखे चिन्नोर.

प्रतिभानं फटीचं माप घेतलं अन् पळत गेली. मी मागोमाग गेली. ती तुझं “मला विचारणे” पुसून तिथं आकडा टाकाले बसली होती.

मी म्हटलं, “त्याच्या खाली टाक. वरचं राहू दे.”

“आई, सिस्टम में ऐसे दो-दो…”

“बसन. जागा कर.”

केली तिनं जागा. मंग तिले म्हटलं, लामत्याच्या पानांवरचंही काही पुसाचं नाही. अन् मले गोंदियाच्या डोळ्याच्या दवाखान्यात घेऊन चल. ती एवढी खूश झाली का तिनं पटकन फोन काढला, नंबर लावला अन् मले न विचारता दिवसही ठरवला. पाहा, तुझंच पाणी लागलं आहे तिले.

आज संध्याकाळी लामत्याचा एक ट्रॅक्टर आला. मी मूठभर धान चिंधीत बांधलं, दोन्ही रिळं प्रतिभापुढं धरली अन् म्हटलं, निळा दे. तिनं दिला. मी गाठ मारली. मंग ती तुझ्या टेबलापाशी गेली अन् त्या शेवटच्या कोठ्यात तिनं लिहिलं, निळा. मी तिच्या मागं उभी राहून पाह्यलं, पान बदलू दिलं नाही. तुझ्या मशीनवर माझा भरोसा अजून बसला नाही, दिनू. ज्यात तू लपवू शकला त्यात दुसराही लपवीन. आता मी रोज तिथं उभी राहणार आहे.

पण तूच लिहून ठेवलं ना, एकदा नाही, प्रत्येक पानावर, मला विचारणे. तर विचारते. बाकीच्यांले नाही, तुलेच. माझ्या डोळ्याचं तू मले काहून नाही सांगितलं?